गहाळ

चावडीवर, पोलीस ठाण्याच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान.
नोव्हेंबर लागला की लोक धापा टाकत येतात,
आणि "सगळं गेलं" हे वाक्य
मला आता सात-आठ भाषांत ओळखू येतं.
पाकीट. फोन. एकाची कवळी, लाटेनं नेलेली.
एकदा एका जोडप्याचं एकमेकांशी बोलणं;
त्याचा अर्ज नसतो.

इलोना आली ती दिवेलागणीला, वीज गेलेली,
एका पायात चप्पल, केसांत वाळू.
म्हणाली, गाय.
मी म्हटलं, काय?
म्हणाली, पासपोर्ट. गाय.
आणि रवंथ करून दाखवलं.

पाळोळेच्या किनाऱ्यावर टॉवेलखाली पिशवी,
पिशवीत लोणी लावलेली पोई,
पोईच्या खाली तिचा देश.
ही पोहत होती. परत येईतो
पोई संपलेली आणि देशही संपत आलेला.
काउंटरवर तिनं उरलेला कोपरा ठेवला:
मरून पुठ्ठा, अर्धा सोनेरी मुकुट,
लाळेनं गिळगिळीत.

तिला घेऊन मी रस्ता ओलांडला.
हवालदार वेळीपांनी मेणबत्ती सरकवली,
फॉर्म वाचला, पुन्हा वाचला.
हरवला, चोरीला गेला, फाटला.
"गायीन खालो अशें बरोवंक मेळना, बाये.
फाल्यां गायीचो मालक सोदचो पडटलो."
म्हणून त्यांनी लिहिलं, गहाळ.
मी तिला इंग्रजीत सांगितलं.
ती हट्टाला पेटली.
हरवलेला नाहीये, म्हणाली,
कुठे आहे ते मला नक्की माहीत आहे.
खिडकीतून बोट दाखवलं.
पिंपळाखाली ती उभी होतीच,
पांढरी, एक शिंग वाकडं, तोंड अजून चालू.
वेळीप हसले नाहीत. मीही नाही.
मग तिघंही एकदम हसलो,
आणि हसता हसता इलोना रडायला लागली,
जमिनीवर बसून, फाईलींच्या गठ्ठ्याला टेकून.

मला माझी ट्रंक आठवली.
बांद्याहून नवी नवरी म्हणून आले तेव्हा
कदंबाच्या टपावरून ती उतरवायची राहिली
आणि माझ्यावाचून कारवारला गेली.
तीन दिवस नणंदेची पोलकी घातली, खांद्यांत सैल.
आईनं दिलेली कुंकवाची डबी, दोन साड्या,
दहावीचं सर्टिफिकेट.
सासरे म्हणाले, मिळेल.
नवरा म्हणाला, विसर.
कुणी मला फॉर्म दिला नव्हता.

वीज आली तेव्हा साडेआठ.
दुकानात रद्दीचा खोका उपसायला बसले.
नऊ दिवसांपूर्वी ही आली होती,
गेस्टहाउसवाल्याला पासपोर्टची प्रत हवी म्हणून.
पहिली बिघडली होती, चेहऱ्यावरून काळी रेघ,
मी दुसरी काढून दिली आणि ही टाकली.
मी कागद फेकत नाही, पाठकोरा वापरते.
सापडली.
एका बाजूला इलोना, नंबर, जन्मतारीख, गाव.
दुसऱ्या बाजूला माझ्या अक्षरात:
नारळ दोन, कोकम, गॅसवाल्याला फोन,
सुंगटं महाग असली तर बांगडे.

मागची बाजू खोडू का, विचारलं.
नको, म्हणाली.
माझी जुनी चप्पल घालून गेली, एक नंबर मोठी,
रात्रीच्या गाडीनं, दिल्लीला, तिच्या वकिलातीत.
तिथल्या साहेबानं कागद उलटा केला असेल का,
बांगड्यांपाशी थांबला असेल का,
कोण जाणे. पत्र वगैरे काही आलं नाही.
कोपरा मात्र विसरली. तो गल्ल्यात आहे,
सुट्या नाण्यांना त्याचा वास लागतो.

शटर ओढताना कधी कधी ती येते, वाकड्या शिंगाची.
पोटात अकरा देशांचे शिक्के,
विचारणारं कुणी नाही.
मी केळ्याची साल पुढे करते.
ती लगेच घेत नाही.
आधी माझ्याकडे बघते, सावकाश,
मग सालीकडे,
मग पुन्हा माझ्याकडे.